अमजद खान नावाचा फोन

फोन टॅपिंगचा विषय निघाला की कट्ट्यावर एक वाक्य ठरलेलं असतं, ‘अबे, आपल्याले काय लपवाचं आहे?’ ज्याच्याकडे लपवायला काही नाही, त्याचा फोन कोण कशाला ऐकेल, असा हिशेब.

आता आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं प्रकरण बघा. नाना पटोले भंडारा-गोंदियाचे खासदार होते, तेही सत्ताधारी भाजपचे. त्या काळात त्यांचा नंबर पुणे पोलिसांनी ऐकला, आणि परवानगीच्या कागदावर त्या नंबरापुढे नाव होतं ‘अमजद खान’. कारण दिलं होतं अमली पदार्थांचा धंदा! बच्चू कडूंच्या नंबरालाही असंच एक दुसरं नाव होतं. हे सगळं पोलिसांनीच फेब्रुवारी 2022 मध्ये दाखल केलेल्या गुन्ह्यात आलं. पुढे सरकार बदललं आणि सप्टेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. त्यामुळे कोण दोषी, हा वाद इथे नको.

मला तो कागद जास्त सतावतो. राज्यात फोन ऐकायचा तर गृह सचिवांची परवानगी लागते. ती 60 दिवस चालते, वाढवत 180 दिवसांपर्यंत नेता येते. मग मुख्य सचिवांची समिती ते आदेश तपासते. म्हणजे अर्ज करणारे सरकारी, सही करणारे सरकारी, तपासणारेही सरकारी. न्यायाधीश कुठेच नाही. फाइलीत ‘अमजद खान, ड्रग्ज’ लिहिलेलं असेल तर तो नंबर खरंच कोणाचा, हे विचारणारं कोणी नाही. आणि ज्याचा फोन आहे, त्याला हे कधीच कळवलं जात नाही. शिवाय ठरावीक मुदतीनंतर ती कागदपत्रंही नष्ट करायची असतात. तक्रार करणार तरी कशाच्या जोरावर?

ही पद्धत मुळात 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आली. सरकारला लगाम म्हणून ती तात्पुरती सांगितली होती. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरी 2023 च्या नव्या दूरसंचार कायद्याखालचे नियम आले, तेव्हा सह्यांची साखळी तीच राहिली. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासात फोन ऐकायला न्यायाधीशाचा आदेश लागतो, आणि काम संपल्यावर साधारण 90 दिवसांत त्या माणसाला कळवावं लागतं. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने तिथेही पळवाटा आहेतच. पण निदान नियम म्हणून तरी ते लिहून ठेवलंय.

ही झाली कागदावरची वाट. पेगॅससमध्ये तर कागदही दिसला नाही. 2019 मध्ये व्हॉट्सअॅपने ज्यांना सावध केलं, त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. केंद्र सरकारने तिला सहकार्य केलं नाही, हे 2022 मध्ये खुद्द सरन्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितलं. वकिलाचा फोन फुटतो तेव्हा त्याच्या अशिलाचा बचावही फुटतो, हे लॉवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आपल्यावर याचा परिणाम फोन न ऐकताही होतो. शिष्यवृत्तीसाठी किंवा पेपरफुटीवर मोर्चा काढायचा म्हटलं, की ग्रुपवर कोणीतरी लिहितंच, ‘इथे नको, भेटून बोलू.’ हळूहळू भेटूनही कोणी बोलत नाही. त्याला कोणी बंदी घातली नव्हती.

अतिरेक्याचा फोन ऐकू नका, असं कोणीच म्हणत नाही. ऐका, पण आधी न्यायाधीशाला पटवून द्या, आणि संशय खोटा निघाला तर त्या माणसाला नंतर कळवा.

डिसेंबरात सगळे आमदार आपल्याच शहरात असतात. आपापल्या आमदाराला गाठून एक प्रश्न सभागृहात विचारायला लावा: गेल्या वर्षी राज्यात किती फोन ऐकायला परवानगी दिली, आणि त्यातल्या किती समितीने चुकीच्या ठरवल्या?