आधी कागद, मग पाना



गेल्या पावसाळ्यात आमच्या परतूरच्या घरात एक वाद झाला. पुतण्या नुकताच कामाला लागलेला. तो म्हणाला, "काका, मला स्पोर्ट गाडी घ्यायची. हप्त्यावर मिळते." वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पडवीतल्या ताडपत्रीकडे पाहिले.

त्या ताडपत्रीखाली आमच्या दादाची यामाहा आरएक्स १०० उभी होती. दादा मोंढ्यात हमाली करीत. १९९५ साली पै पै साठवून त्यांनी ती जुनी गाडी घेतली. दादा गेले आणि गाडी उभी राहिली ती बारा वर्षे. भंगारवाला दोनदा येऊन गेला, वहिनींनी दिली नाही.

आमच्या तरुणपणी स्पोर्ट गाडी म्हणजे हीच. एस्कॉर्ट्स कंपनीने ती १९८५ साली आपल्या देशात आणली आणि १९९६ मध्ये ती निघायची बंद झाली. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ताकद सुमारे ११ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम शंभर किलो. अंग हलके, जोर मोठा, म्हणून ती पोरांना आवडे. आम्ही पुतण्याला म्हणालो, "आधी ही उभी कर. नाही जमले तर हप्त्याचे बोलू."

पहिले काम पान्याचे नाही, कागदाचे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे गाडी तपासून घेऊन दर ५ वर्षांनी ती वाढवावी लागते. मालक वारला असेल तर गाडी वारसाच्या नावे करावी लागते. इंजिन आणि चेसिसचा नंबर कागदाशी जुळतो का, हे घरीच पाहावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबरपाटीही बसवावी लागते. कागद नसेल तर गाडीवर एक रुपयाही घालू नये. आमचे पुस्तक वहिनींनी ट्रंकेत जपून ठेवले होते, म्हणून पुढचे सारे झाले.

मग रविवारमागून रविवार काम चालले. टाकीतले कुजके पेट्रोल अंगणात, चुलीपासून दूर काढले. ते नालीत ओतू नये. टाकीच्या आत गंज होता. तो साफ केल्याशिवाय नवे पेट्रोल भरले तर गंजाचा कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो आणि गाडी पुन्हा बंद. पेट्रोलचा रबरी पाइप नवा घातला. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते आणि जुने रबर खराब करते. टायर दिसायला चांगले होते, पण कडक झालेले. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. ते वाचले आणि दोन्ही टायर बदलले. ब्रेक लायनर, क्लच वायर, प्लग नवे. सायलेन्सरच्या आतली नळी काढून काजळी खरवडली. टू-स्ट्रोक गाडीत तेल जळते, त्यामुळे काजळी धरतेच, आणि नळी तुंबली की गाडी ओढत नाही.

एका रविवारी सतराव्या-अठराव्या किकला गाडी बोलली. आवाज ऐकून वहिनी पीठाच्या हातांनी बाहेर आल्या.

आता आमची चूक सांगतो. पुतण्या गाडी घेऊन वाटूर फाट्याकडे निघाला. वाटेत इंजिनचा आवाज एकाएकी बदलला आणि मागचे चाक जाम झाले. पोराने त्याच क्षणी क्लच दाबला, म्हणून चाक मोकळे झाले आणि तो कडेला थांबला. क्लच दाबला नसता तर आज हा मजकूर आम्ही लिहीत बसलो नसतो.

झाले असे की टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला तेल मिळते ते पेट्रोलबरोबरच. या गाडीत तेलाची वेगळी टाकी असते आणि छोटा पंप ते तेल पुरवतो. तेलाची नळी आम्हीच काढून धुतली होती. परत जोडताना आत हवा राहिली. टाकी भरलेली दिसत होती, पण पिस्टनपर्यंत थेंब पोचत नव्हता. पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरला धरला. जालन्याला बोअर करून नवा पिस्टन आणि रिंगा घालाव्या लागल्या. त्यात आमचा कित्येक दिवसांचा रोज गेला.

तेव्हा हे लक्षात ठेवा. पंप किंवा नळी उघडली की आतली हवा काढल्याशिवाय गाडी चालवू नये. पहिल्या वेळी पेट्रोलमध्येही थोडे टू-टी तेल मिसळून घ्यावे. नव्या बोअरची गाडी पहिले काही शे किलोमीटर पळवू नये. आणि टू-स्ट्रोक चालवणाऱ्याची दोन बोटे क्लचवर असावीत.

नंतरची निगा सोपी आहे. आठवड्याला हवा आणि तेल पाहावे. महिन्याला चैन पुसून तेल द्यावे. चैन मधोमध दाबली की दोन ते तीन सेंटिमीटर हलावी, जास्त नाही. सायलेन्सर फोडून आवाज वाढवू नये. गल्लीत म्हातारी माणसे आणि तान्ही मुले असतात. मागे बाई बसणार असेल तर साडीगार्ड काढू नये, चैनचे कव्हर तर मुळीच नाही. हेल्मेट दोघांनाही हवे.

पुतण्या अजून अधूनमधून नव्या गाडीचे नाव काढतो. काढू द्या. पण कार्बोरेटर खोलून परत जोडणे आता त्याला येते. शेजारची पोरे आपल्या गाड्या घेऊन त्याच्याकडे येतात, आणि तो प्रत्येकाला आधी विचारतो, "कागद आहे का?" बुधवारी वहिनी त्याच्यामागे बसून दवाखान्यात गेल्या. पदर आवरून बसल्या आणि म्हणाल्या, "हळू घे रे. तुझ्या बापाची गाडी आहे."