तुकडी वाढली, प्राध्यापक कुठे?

जूनमध्ये एखाद्या अनुदानित महाविद्यालयाच्या शुल्क-खिडकीपुढे दोन रांगा दिसतात. एक नेहमीच्या बीकॉमची, दुसरी ‘सेल्फ फायनान्स’ची. इमारत तीच, बाके तीच, पदवीवर शिक्का त्याच विद्यापीठाचा. शुल्क मात्र कित्येक पट. या जादा पैशांत पूर्णवेळ प्राध्यापक मिळेलच असे नाही, हे दुसऱ्या रांगेतल्या पालकाला कोणी सांगत नाही.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने अभियांत्रिकीला विनाअनुदानित दार उघडले, तेव्हा वाद खासगी संस्थांचा होता. शतक बदलता बदलता मुंबई विद्यापीठात बीएमएस, बीएमएम आले आणि सार्वजनिक विद्यापीठेच त्या वाटेला लागली. त्यात गैर काही नव्हते. सरकार पदभरतीला कात्री लावत असेल, तर विद्यापीठांनी पैसे उभे करायचे तरी कुठून? मात्र जोड म्हणून आलेली तुकडीच आता घर चालवू लागली आहे आणि तिला शिकवणारा माणूस तासावर आहे.

त्याचा दिवस पाहा. सेट-नेट झालेला हा तरुण सकाळी सातच्या तुकडीला अकाउंट्स शिकवतो आणि दहाला दुचाकीला किक मारून दुसऱ्या महाविद्यालयात पोहोचतो. मस्टरवर सही तासाची, मानधन तासाचे. दिवाळीत तास नाहीत, मे महिन्यात तास नाहीत. म्हणून पैसेही नाहीत. स्टाफरूममध्ये कपाट नसल्याने तपासायची जर्नल्स डिकीत. शंका घेऊन मागे आलेल्या मुलीला तो ‘व्हॉट्सअॅपवर टाक’ म्हणतो, कारण पुढचा तास शहराच्या दुसऱ्या टोकाला असतो. पुढच्या जूनमध्ये त्याला तास मिळतील की नाही, हे तुकडी भरण्यावर ठरते. अशा माणसाने अंतर्गत मूल्यमापनात कोणाला नापास करायचे? गुणवत्तेला भोक पडते ते इथे, आणि निकालपत्रकावर ते दिसतही नाही.

नियम नाहीत असे नाही. कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावेत, असे यूजीसीने २०१८ मध्ये बजावले होते. ही मर्यादा पाळली कोणी? जानेवारी २०२५ च्या मसुद्यात तर आयोगाने तीच गाळून टाकली. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या २०२५ च्या यादीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या गटात २३ वरून ५६ वर घसरले. मंजूर पदे रिक्त असल्याची ओरड तिथे जुनीच.

पळवाटा शोधण्यात मात्र आपली संस्थाने तरबेज. २०२४ मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएस एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्याने त्यांना सीईटी लावली. अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलले. बीएमएसचे ‘बीकॉम इन मॅनेजमेंट स्टडीज’ झाले. प्रवेश परीक्षा टळली, एआयसीटीईची तपासणीही. ज्यांनी नाव बदलले नाही त्यांच्या जागा भरेनात, म्हणून सीईटी पुन्हा घ्यावी लागली. बारसे एवढे झटपट उरकते. प्राध्यापकाची एक जागा भरायला मात्र वर्षे लागतात.

राज्य सरकार आणि कुलगुरूंनी आता तरी नव्या तुकड्यांचे प्रस्ताव थांबवावेत. महाविद्यालयाच्या तपासणीला येणाऱ्या स्थानिक चौकशी समितीसमोर त्या एका दिवसापुरती माणसे उभी करण्याचा खेळ सगळ्यांना ठाऊक आहे, समितीलाही. म्हणून तिने नियुक्तीपत्रे बघू नयेत. शिक्षकांच्या बारा महिन्यांच्या पगाराच्या नोंदी मागाव्यात. तुकडीच्या शुल्कातला ठरावीक वाटा त्याच तुकडीच्या पूर्णवेळ पदांवर खर्च झाल्याचा हिशेब दरवर्षी अधिसभेपुढे यावा. आणि शुल्काच्या तक्त्याशेजारी, त्याच खिडकीवर, त्या अभ्यासक्रमाच्या पूर्णवेळ शिक्षकांची नावे लावावीत. पैसे मोजण्याआधी पालकाला ती वाचता आली पाहिजेत.