भातखाचरांचा जमाखर्च

बँकेत उमेद गेल्यामुळे मी आधी बेरीज तपासतो. भारतातल्या भातखाचरांतून वर्षाला सुमारे ३.८ कोटी टन मिथेन निघतो, असा अमेरिकी अंदाज होता. १९९१ साली डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली देशात प्रत्यक्ष मोजणी झाली. आकडा निघाला सुमारे ४० लाख टन! तेव्हाच्या ८४ कोटी लोकांत वाटला, तर माणशी ४५ किलोंचे ५ किलोही उरत नाहीत.

देशादेशांची दरडोई तुलना म्हणूनच जपून करावी. निर्यातीच्या गव्हाला घातलेल्या खताचा नायट्रस ऑक्साइड पिकवणाऱ्या देशाच्या खाती पडतो. पोळी दुसराच खातो. लोकसंख्येने भागण्याआधी धान्य कुणाच्या ताटात गेले, हे विचारायलाच हवे. नाहीतर गुडघाभर चिखलात उभ्या शेतकऱ्याच्या नावावर परक्याचे कर्ज चढेल.