संकरित कोकरांचें मोल

फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेनें सुंदरबनांतील गारोल मेंढीचें रक्त आपल्या दख्खनी मेंढींत आणून जुळीं देणारी जात तयार केली. त्या जातीची म्हणून कोणी मादी कोकरूं दाखविल्यास प्रथम तें कांट्यावर घालावें व त्या दिवसाचा वजनाचा भाव धरावा. जुळ्यांबद्दल वर कांहीं द्यावयाचें तें रक्ततपासणीचा दाखला पाहूनच. आईचा हा गुण प्रत्येक कोकरांत उतरतोच असें नाहीं, आणि रूपावरून तो कळतहि नाहीं. विकणाराची शपथ म्हणजे दाखला नव्हे, हें आम्हीं पदरचे पैसे घालवून शिकलों! जुळ्यांतलें कोकरूं किरकोळ दिसतें म्हणून भाव पाडणें मात्र अन्यायाचें. दोन पिलें पोसण्याइतकें दूध मेंढीस यावयाचें तर चारा घरचा हवा. तो ज्याचेपाशीं नाहीं त्यानें जुळ्यांसाठीं एक पैसाहि अधिक मोजूं नये.