प्रवासांतील टिपणवही

गेल्या मार्गशीर्षांत काशीहून परततांना आगगाडींत पहाटे आम्हांस एका श्लोकाचे तीन चरण सुचले. चौथा घरीं जुळवूं, म्हणून आम्ही स्वस्थ राहिलों. घर येईपर्यंत तीनही विसरलों. वृत्त शिखरिणी होतें, एवढेंच स्मरतें. जन्मभर मुलांस ‘लिहून ठेवा’ म्हणून बजावणाऱ्या मास्तराच्या खिशांत कागदाचा कपटाही नव्हता!

आम्हांस पाठांतराचा गर्व होता. परंतु पाठांतर राखतें तें पुनः पुनः घोकलेलें. एकदांच चमकून गेलेली कल्पना त्याच्या हातीं लागत नाहीं. कोणी म्हणेल, विष्णुभट गोडशांनीं १८५७ च्या बंडांतील आपला प्रवास पुष्कळ वर्षांनीं स्मरणानेंच लिहिला. खरें, पण जिवावरचे प्रसंग मनांत खोल रुततात, कल्पनेस तेवढा भार नसतो. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ पर्यंत ‘बीगल’ जहाजावरून हिंडला, तेव्हां लहानशा वह्यांत जागच्या जागीं पेन्सिलीनें टिपी आणि मागाहून तें सविस्तर लिही.

तेव्हां वाचकहो, प्रवासास निघतांना खिशांत मावेल अशी शिवलेली वही आणि पेन्सिल घ्यावी. शाई ओलाव्यानें फुटते. तिथि, स्थळ आणि दोन शब्द पुरेत. मात्र मुक्कामीं पोहोंचतांच तें विस्तारून लिहावें; नाहीं तर आपलेंच टिपण आपणांस कोडें होतें.

आमच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘शिखरिणी’ एवढेंच लिहिलें आहे. खालच्या चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.