न झालेल्या रस्त्याचा हिशेब



अंक पुन्हा उशिरा निघतोय. कागदाचे पैसे जमवण्यात दोन महिने गेले, त्यात माझ्या सलग रात्रपाळ्या. त्याची माफी मागत नाही. दुसऱ्या एका गोष्टीची मागायची आहे, ती शेवटी.

गेल्या आठवड्यात पहाटे पाळी सुटल्यावर पी. डिमेलो रोडवर चहा मारत उभा होतो. डोक्यावर ईस्टर्न फ्रीवे. २०१३ साली खुला झाला. खालच्या रस्त्याला नाव गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं, नि वरच्या पुलावर गोदी कामगाराला पाय ठेवायला बंदी. पायी नाही, सायकल नाही. बरोबरच्या पोऱ्यानं वर बघत विचारलं, "भाई, वरळीपासनं हाजीअलीपर्यंत समुद्रातनं दुसरा टोलचा पूल होणार होता ना? त्याचं काय झालं?" मी म्हटलं, मेला तो कागदावरच. तो हसला. "बरं झालं. पण आपल्याला काय?"

ह्या "आपल्याला काय"नं माझी झोप उडवली. म्हणून हे संपादकीय.

आधी हिशेब. वांद्रे-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ ला उघडला. साडेपाच किलोमीटर, सोळाशे कोटींच्या वर खर्च, टोल. सायकल, स्कूटर, रिक्षा बंद. त्याच्याच पुढचा तुकडा म्हणजे वरळी-हाजीअली. २०१० साली रस्ते विकास महामंडळानं एका खाजगी कंपनीशी करार केला. कंपनीनं हा नवा पूल बांधायचा, नि बदल्यात चाळीस वर्षं टोल खायचा, जुन्या पुलाचासुद्धा. चाळीस वर्षं! माझा बाप तेवढी वर्षं हमाली करून गुडघ्यातनं गेला, त्याला फंडाचे पैसे मिळवायला चपला झिजवाव्या लागल्या. पुढं सरकार नि कंपनी यांचं जमलं नाही. करार मोडला, पूल झाला नाही. त्याच्या जागी भराव घालून कोस्टल रोड आला, महापालिकेच्या तिजोरीतनं, तेरा हजार कोटींच्या वर. मार्च २०२४ मध्ये पहिला टप्पा खुला झाला. ह्याला टोल नाही म्हणून पांढरपेशे खूष. अरे, पण तिजोरी कुणाची? आगपेटी घेतली तरी कर भरणारा माणूस त्यात आहे, नि स्कूटरवाल्यालासुद्धा त्या रस्त्यावर बंदी आहे.

टोलचंही तसंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच नाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला. कारवाला सुटला, ट्रकवाला नाही. मी ट्रक भरणारा माणूस आहे, मला ठाऊक आहे ट्रकचा टोल कुठं जातो. तो पोत्यात बसून बाजारात जातो नि कांद्याच्या भावात उतरतो. म्हणजे ज्याच्याकडं चाक नाही तोच टोल भरतो.

आता खरा मुद्दा. ह्या शहरात रस्ता न होणं म्हणजे काय? कुणाच्या "नाही"ला वजन आहे?

नव्वदीच्या अखेरीला मुंबईत उड्डाणपुलांचा सपाटा चालला होता. पेडर रोडवरही एक ठरला होता. तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, लता मंगेशकरांनी जाहीर विरोध केला. पूल झाला नाही. आजही नाही. धूळ, आवाज, खिडकीसमोर गाड्या, कारणं काही खोटी नव्हती. पण तीच धूळ, तोच आवाज आपल्या खिडकीत चालतो. खिडकी असली तर.

आता दुसरं टोक बघा. पार्ल्याला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेला कामराज नगर नावाची वस्ती होती. १९६०-६१ च्या सुमाराची. हायवेच्या कामावर आणलेल्या मजुरांची. खडी त्यांनी फोडली, डांबर त्यांनी ओतलं. हायवे झाला नि मजूर अतिक्रमण झाला! १९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, सरकारनं फूटपाथवाल्यांना नि अशा वस्त्यांना उचलायचं ठरवलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ओल्गा टेलिस खटला. १० जुलै १९८५ ला निकाल. कोर्ट म्हणालं, जगण्याच्या हक्कात पोटाचा धंदा येतो. वाचून छाती फुगते. पुढं वाचा. फूटपाथवर राहण्याचा हक्क मात्र नाही, रीतसर नोटीस द्या, पावसाळा संपू द्या, मग तोडा. म्हणजे आपल्या हाताला लागलं काय? एक कागद. नोटीस.

आणि ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, माणसं पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरली. गोळीबार झाला. दहा माणसं गेली. पेडर रोडच्या "नाही"ला फाईल थांबते, आपल्या "नाही"ला गोळी येते. हा फरक भूगोलाचा नाही, जातीचा आहे. गावात पाणवठा होता, शहरात नकाशा आहे. कुणी शिवायचा ते ठरलेलं.

पण थांबा. इथंच संपादकीय संपवलं तर रडगाणं होईल. वरळीच्या कोळ्यांचं बघा. कोस्टल रोडच्या दोन खांबांमधनं त्यांच्या होड्या जायच्या, नि साहेब लोकांनी अंतर ठेवलं साठ मीटर. कोळी म्हणाले, पाण्याला ओढ असते, होडी आपटेल. तज्ज्ञ म्हणाले, पुरे आहे. कोळ्यांनी होड्या आडव्या घातल्या, काम अडवलं, पाण्याचा हिशेब स्वतः मांडला. मागणी एकशे साठची होती. २०२२ च्या डिसेंबरात सरकारला एकशे वीसवर यावं लागलं. अर्धी लढाई म्हणा, पण साठाचे एकशे वीस झाले. का झाले? त्यांना नकाशा वाचता आला म्हणून, नि वेळेत वाचला म्हणून.

आता माफीचं.

आमची वस्ती गोदीच्या जमिनीवर आहे. तीन पिढ्या. आज्जा सातारकडनं दुष्काळात आला तो इथंच टेकला. पावसाळ्याआधी दोघं जण टेप घेऊन आले, दारावर लाल रंगानं आकडे टाकून गेले. आमचा ११४. कशाचं माप, विचारलं तर म्हणाले, वरनं आलंय. मी एका कचेरीत गेलो, नकाशा दाखवा म्हटलं. कारकून म्हणाला, "तुला काय कळणार त्यातलं?" मी मॅट्रिक आहे, कवी आहे, दोन संमेलनं उधळून आलोय. तरी गप्प बसून परत आलो. मग नोटीस चिकटली. हरकती तीस दिवसांत. मी ती फाडून घरी आणली नि तिच्या कोऱ्या पाठीवर कविता लिहिली. लाल आकड्यावर. चांगली झाली. मागच्या अंकात छापली, तुम्ही पत्रं पाठवलीत. तीस दिवस त्यातच गेले.

आई म्हणाली, "बाळा, कविता कुठल्या खिडकीत द्यायची असते?"

हिला माझ्याकडं उत्तर नाही. दोस्तहो, कविता बंद करा असं मी म्हणत नाही. कविता हे आपलं हत्यार आहेच. पण हूक पोत्यात घुसवायचा असतो, भिंतीला टांगून त्याचं कौतुक करायचं नसतं.

म्हणून ह्या अंकापासनं मागचं पान कवितेचं नाही. तिथं नोटिसा छापू. ज्याच्या वस्तीत लागेल त्यानं तारखेसकट पाठवावी. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. रस्त्याची आखणी मागा, कुणाची घरं जातात ती यादी मागा, बसला जागा किती नि कारला किती ते मागा. म्हाताऱ्यांची जुनी रेशनकार्डं, लाइटबिलं, शाळेचे दाखले आत्ताच गोळा करा. एक रविवार ह्यासाठी. मी आमच्या वस्तीत सुरुवात केलीय, एकशे चौदापैकी एकतीस घरं झाली. उशिरा का होईना, हरकत लेखी दिलीय, पोच घेतलीय.

वरळी-हाजीअलीचा पूल आपल्यामुळं थांबला नाही. धंद्याचा हिशेब चुकला म्हणून थांबला. पुढचा रस्ता कुठनं जाईल, हे ठरताना आपण नकाशासमोर उभे असू का, एवढाच प्रश्न आहे. त्या पोऱ्याला मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. आता देतो. आपल्याला काय? आपल्याला घर, बाबा. घर.

जयभीम.