मंडईची रात्र आणि 'आयात संस्कृती'चा कांगावा

दर फेब्रुवारीत समाजमाध्यमांवर एक ठरीव विधान फिरू लागते. तरुण जोडप्याने संध्याकाळी घराबाहेर पडावे, काही पाहावे, काही खावे आणि गप्पा मारीत परतावे, ही रीत म्हणे 'आपली' नव्हे. ती साहेबाबरोबर मुंबईत उतरली आणि तेथून खेड्यापाड्यांत झिरपली. हे विधान दोन गोटांत सारख्याच उत्साहाने वापरले जाते. संस्कृतिरक्षक ते निषेधासाठी वापरतात, महानगराचे भाट अभिमानासाठी. मुंबईबाहेर असे काही नव्हतेच, हे दोघांचेही गृहीतक. भंडारा जिल्ह्यात आल्यावर ते कोलमडते.

प्रथम मुंबईचीच झडती घ्यावी. शहरात रात्री फिरण्यासाठी उजेड लागतो, वाहन लागते आणि जाण्याजोगे ठिकाण लागते. मुंबईत रस्त्यांवर गॅसचे दिवे आले ते १८६५ च्या सुमारास, घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली, तेव्हा तिकीट होते १ रुपया; गिरणीकामगाराने त्या वाटेला जाऊच नये असे. पुढे हेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, दर उतरले, आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळ्या राखीव जागा ठेवल्या गेल्या. आधुनिकतेच्या या पहिल्या मंदिरातही शेजारी शेजारी बसणे गृहीत नव्हते.

रस्त्याची गोष्ट तर त्याहून कडू. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण केले. अमेरिकेला का जात आहे हे सांगताना, शिकू पाहणाऱ्या स्त्रीला वाटेवरून चालताना किती छळ सोसावा लागतो, हेही त्यांनी श्रोत्यांपुढे मांडले. रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत न्यायमूर्तींच्या घरातील बायकांचा रोष जागोजाग दिसतो. कारण काय, तर ही सून शिकते आणि सभांना जाते. पती न्यायाधीश, सुधारकांचा अग्रणी, आणि तरीही ही अवस्था. शहराने जोडप्यांना संध्याकाळ बहाल केली, असे म्हणणाऱ्यांनी ही पाने उलटावीत. ती संध्याकाळ बायकांनी दगडासारखे टोमणे झेलून मिळविली आहे.

आता वैनगंगेच्या खोऱ्याकडे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर यांचा जंगलपट्टा म्हणजे झाडीपट्टी. (गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता, जुन्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवावे.) धानाचा आणि तलावांचा हा मुलूख. दिवाळीत हलके धान घरात आलेले असते, भारी धानाची कापणी चालू असते किंवा तोंडावर असते. पाडव्याला गायगोधन होते आणि भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. मंडई म्हणजे येथे भाजीबाजार नव्हे. ती गावाची जत्रा. शेजारची गावे सहसा एकाच दिवशी मंडई भरवीत नाहीत, कारण प्रत्येकाला दुसऱ्याकडे पाहुणा म्हणून जायचे असते.

या व्यवस्थेतील चातुर्य इतिहासकारांच्या नजरेतून निसटले आहे. भाऊबीजेला लेक माहेरी येते. तिला न्यायला जावई येतो. आणि नेमकी त्याच दिवसांत मंडई असते. दिवसा दुकाने, पाळणे, शिंगोडे, जिलेबी, भजी; रात्री दंडार किंवा नाटक. सासरी सासू, दीर, नणंदा आणि धानाची कामे यांच्या गर्दीत ज्या दोघांना एकमेकांशी चार वाक्ये धड बोलता येत नसत, त्यांना गावाच्या साक्षीने, कोणाचीही चोरी न करता, एक संपूर्ण रात्र बाहेर काढता येई. नाटक रात्री नऊ-दहाला सुरू होते ते पहाटेपर्यंत चालते. थंडीची रात्र, अंगावर घोंगडी किंवा चादर, आणि परतताना बैलबंडी. ट्रामची वाट पाहण्याची गरज नव्हती. उजेडाचे काम मशालींनी केले, पुढे गॅसबत्त्यांनी.

ज्यांची लग्ने व्हायची होती त्यांच्यासाठी मंडई आणखी मोलाची. या पट्ट्यात मंडईत सोयरिका जुळतात, हे कोणीही सांगेल. पाहुण्यांच्या घरी उतरलेला मुलगा आणि पाणी द्यायला आलेली मुलगी यांची पहिली नजरभेट दिवाणखान्यातील कांदेपोह्यांच्या कार्यक्रमापेक्षा पुष्कळ मोकळी असे. मुलगी आधी त्याला दुकानापाशी मित्रांसोबत हसताना पाहून घेई. परीक्षा दोन्ही बाजूंनी होई.

यावर आक्षेप ठरलेला आहे : ही 'डेट' नव्हे, कारण वडीलधारे सोबत होते. आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो अर्धा मान्य केलाच पाहिजे. निवडीवर जातीचे कुंपण होते. सोयरीक जातीतच जुळे. बसण्याच्या जागा बायकांच्या निराळ्या, पुरुषांच्या निराळ्या असत. दंडारीत स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. मंडईला प्रेमाचे नंदनवन ठरविणे हा दुसऱ्या टोकाचा खोटेपणा होईल. पण हेच निकष मग १८९६ च्या मुंबईलाही लावावे लागतील. तेथे जागा वेगळ्या नव्हत्या काय? जात नव्हती काय? किर्लोस्कर आणि गंधर्व मंडळींत नायिका पुरुषच साकारीत होते ना? एकाच मर्यादेला शहरात 'संक्रमणकाळ' म्हणायचे आणि खेड्यात 'मागासपण', ही लबाडी इतिहासलेखनात चालू नये.

आणि येथील रंगभूमी काही अवशेष नव्हे. लाखांदूरला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे आज नाट्यमंडळांचे केंद्र आहे. दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत तेथून गाड्या भरून कलावंत निघतात, गावातील मंडळे तिकिटे लावून प्रयोग करवितात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईच्या अनेक नाट्यप्रेमींनी या रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकले. मराठी रंगभूमीचा इतिहास १८४३ च्या सांगलीतील 'सीता स्वयंवर'पासून सांगताना दंडारीला परिशिष्टात ढकलण्याची सवय जुनीच आहे.

संस्कृतिरक्षकांना तर एवढेच विचारावे : बागेत बसलेल्या दोघांना हुसकावताना ज्या परंपरेचा हवाला दिला जातो, ती कोणत्या गावची? साकोलीची नाही, पवनीची नाही, तुमसरची नाही. तेथे जावयाने लेकीला नाटकाला न्यावे म्हणून सासराच तिकिटाचे पैसे काढून देई.

हे कोठे लिहिलेले सापडणार नाही, कारण नोंदी ठेवणाऱ्यांनी मंडळांची नावे, प्रयोगांची संख्या आणि पटाच्या बैलजोड्या मोजल्या. प्रेक्षकांत कोण कोणाच्या शेजारी बसले हे कोणी टिपले नाही. ज्यांना ते सांगता येईल त्या बाया आज सत्तरी-ऐंशीत आहेत. लाखनी-मोहाडीकडच्या तरुण अभ्यासकांनी येत्या दिवाळीत आपल्याच आजीला विचारावे : लग्नानंतरच्या पहिल्या मंडईला कोणते नाटक पाहिले, कोणाच्या बंडीतून गेलात, आजोबांनी काय घेऊन दिले, आणि परतताना कशावरून हसलात.